बेळगावहून वंडरला, इमॅजिका की रामोजी : गाडी काढायची की विमान पकडायचं?

सुट्टी लागायच्या महिनाभर आधीपासनं बेळगावातल्या कितीतरी घरांत एकच चर्चा असते, पोरांना वंडरला या राइडच्या पार्कला न्यायचंय पण गाडीनं की विमानानं, आणि मग कोण म्हणतं सांबऱ्याच्या विमानतळावरनं तासाभरात बेंगळूर, कोण म्हणतं चौघांची तिकिटं काढण्यापेक्षा टाकी फुल्ल कर आणि चल. दोघांचंही अर्धं बरोबर असतंय. पहिल्यांदाच मुलांना घेऊन एवढ्या लांब निघणाऱ्यांसाठी हे लिहितोय, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यातल्या लोकांसाठी, कारण पुण्या-मुंबईच्या लोकांनी लिहिलेली माहिती वाचून आपलं काम भागत नाही, त्यांचा एअरपोर्ट वेगळा, रस्ता वेगळा आणि शाळेच्या सुट्ट्यासुद्धा वेगळ्या.

माझं मत आधीच सांगतो. बिडदीच्या वंडरलाला आणि खोपोलीच्या इमॅजिका पार्कला गाडीनं जा. विमानानंच जायचं असेल तर हैदराबाद धरा. का ते खाली एकेक करून सांगतो, तुमच्या घरचं गणित वेगळं निघालं तर तुम्ही वेगळं ठरवा, पण गणित मांडून ठरवा.

आधी पार्क ठरवा, आणि नकाशावर शहर न बघता पार्क कुठं आहे ते बघा

सगळी गडबड इथंच होते. आपण म्हणतो "बेंगळूरला चाललोय", पण वंडरला बेंगळुरात नाही, ते मैसूर रोडला बिडदीजवळ आहे, शहराच्या मध्यापासनं जवळजवळ ३० किमी बाहेर, नैऋत्येला. आणि विमानतळ कुठं, तर देवनहळ्ळीला, शहराच्या बरोबर उलट्या टोकाला, उत्तरेला. म्हणजे विमानातनं उतरलात की अख्खं बेंगळूर आडवं पार करायचं, ६५-७० किमी, आणि बेंगळूरचं ट्रॅफिक कसं आहे ते आपल्यातल्या प्रत्येकाच्या घरातला कोणीतरी तिथं नोकरीला असल्यामुळं वेगळं सांगायला नको. दोन तास धरा, संध्याकाळी अडीच-तीन.

आता हैदराबाद बघा. तिथंही वंडरला आहे, २०१६ ला सुरू झालेलं, रविर्यालला, आउटर रिंग रोडला लागूनच. शमशाबाद विमानतळसुद्धा त्याच रिंग रोडवर. विमानातनं उतरून टॅक्सीत बसलात की शहरात न शिरता अर्ध्या-पाऊण तासात पार्कच्या दारात. रामोजी फिल्म सिटी थोडी पुढं आहे, शहराच्या पूर्वेला विजयवाडा रोडवर, पण तिथंही रिंग रोडनंच जाता येतंय. रामोजी म्हणजे दीड हजार एकराहून मोठा पसारा, १९९६ पासनं चालू आहे, जगातला सगळ्यात मोठा फिल्म स्टुडिओ म्हणून गिनीजमध्ये नोंद आहे, एक दिवस पुरत नाही. आणि हैदराबादला बेळगावहून गाडीनं जायचं म्हटलं तर ५०० किमीच्या वरच, अंतर बेंगळूरएवढंच, पण रस्ता मात्र बेंगळूरला जाणाऱ्या एनएच ४८ सारखा सलग चार-सहा पदरी नाही, बागलकोट-रायचूर नाहीतर विजयपूर-कलबुर्गी कुठूनही गेलात तरी मधे दोन पदरी तुकडे, गावं, स्पीडब्रेकर. म्हणून म्हणतो की विमान आणि हैदराबाद यांची जोडी जमते, विमान आणि बिडदी यांची जमत नाही.

इमॅजिका खोपोलीला, खोपोली-पाली रोडवर, २०१३ पासनं. बेळगावपासनं ४२० किमीच्या आसपास, निपाणीकरांना तर ३५० च. इथं विमानाचा विचारच सोडून द्या. मुंबईला उतरायचं आणि परत पुण्याच्या दिशेनं ८० किमी मागं यायचं, त्यापेक्षा कागलवरनं सरळ जाणं बरं.

घराच्या उंबऱ्यापासनं पार्कच्या गेटपर्यंतचा वेळ मोजा

विमान हवेत सव्वा तास असतं हे खरं, पण तुमचा प्रवास तेवढाच नसतो. बेळगाव-बिडदीचं मांडून दाखवतो.

विमान : टिळकवाडीतनं सांबऱ्याला अर्धा तास, काउंटर विमानाच्या एक तास आधी बंद होतो म्हणून मुलं असतील तर दीड-दोन तास आधी पोचायचं, हवेत सव्वा तास, उतरून बॅगा मिळेपर्यंत अर्धा-पाऊण तास, मग टॅक्सी दोन-अडीच तास. बेरीज सहा ते सात तास.

गाडी : ५१० किमीच्या आसपास, हायवे चांगला असला तरी मुलांना घेऊन सरासरी ६० च्या वर धरू नका, म्हणजे साडेआठ-नऊ तास गाडी चालवणं आणि दीड-दोन तास थांबणं. बेरीज साडेदहा-अकरा.

फरक चार तासांचा. सगळ्यांना वाटतं की विमानानं अख्खा दिवस वाचतोय, तसं नाही. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पार्क सकाळी अकराच्या सुमाराला उघडतं आणि संध्याकाळी सहा-सातला बंद होतं, त्यामुळं दुपारी एक वाजता पोचलात काय आणि चार वाजता पोचलात काय, त्या दिवशी पार्क होतच नाही. म्हणजे दोन्हीकडं मुक्काम आलाच. ते वाचलेले चार तास बेंगळुरातच दुसरं काही बघायला वापरणार असाल, कस्तुरबा रोडचं विश्वेश्वरय्या म्युझियम किंवा तारांगण, तरच त्याला किंमत आहे. मुलं विज्ञानवेडी असतील तर आहेच म्हणा.

पैशाचं गणित माणसं मोजून करा

गाडीचा खर्च डोकी वाढली म्हणून वाढत नाही, विमानाचा प्रत्येक डोक्याला वाढतो. दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला विमानात स्वतंत्र सीट घ्यावी लागते आणि तिकीट मोठ्या माणसाएवढंच बसतं, रेल्वे-बससारखं अर्धं तिकीट म्हणून काही नसतं, हे पहिल्यांदा जाणाऱ्यांना माहीत नसतं आणि मग ऐनवेळी बजेट कोलमडतं. दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर, त्याचे थोडे पैसे.

उदाहरण म्हणून तिकीट एका बाजूचं ४,००० धरू, सुट्टीत यापेक्षा जास्तसुद्धा जातंय. आई-वडील आणि दोन मुलं, येऊन-जाऊन ३२,०००. वर एअरपोर्ट ते बिडदी टॅक्सी जाताना-येताना चार हजार धरा. गाडीचं बघा, येऊन-जाऊन इकडं-तिकडं फिरणं धरून १,०५० किमी, गाडी लिटरला १५ देते असं धरलं तर ७० लिटर, म्हणजे सात-साडेसात हजाराचं पेट्रोल, वर टोल. सोबत आजी-आजोबा असतील तर विमानाचे अजून १६,००० वाढले आणि गाडीला काहीच वाढलं नाही, फक्त सातजणांची गाडी पाहिजे.

नवरा-बायको आणि मांडीवरचं बाळ एवढेच असाल तर मात्र दोन पारडी बरीच जवळ येतात, तिथं ऑफर बघून विमान घ्यायला हरकत नाही, पण एवढ्या लहान बाळाला वंडरलात करायला फार काही नसतं हेही लक्षात ठेवा.

टोलचं सांगायचं तर २०२५ च्या ऑगस्टपासनं खाजगी कार-जीपसाठी फास्टॅगचा वार्षिक पास निघाला, ३,००० रुपयांत सुरू झाला, एक वर्ष किंवा २०० वेळा टोल ओलांडणं, जे आधी संपेल ते. राजमार्गयात्रा ॲपवर निघतो, गाडीच्या नंबरला जोडलेला असतो, दुसऱ्या गाडीला चालत नाही. वर्षात एकदा बेंगळूर आणि एकदा पुणे होत असेल, मधेअधे कोल्हापूर-हुबळी असेल तर घेऊनच टाका. पण तो फक्त राष्ट्रीय महामार्गावरच्या नाक्यांना चालतो. बेंगळूरच्या नाईस रोडला चालत नाही, पुणे-मुंबई एक्सप्रेसवेलाही चालत नाही, तिथं फास्टॅगमधनं नेहमीसारखे पैसे कटतात, म्हणून पास आहे म्हणून बॅलन्स शून्यावर ठेवून निघू नका.

स्वतःची गाडी नसेल तर पिवळ्या पाटीची एर्टिगा-इनोव्हा ठरवा. दिवसाला कमीत कमी ठराविक किलोमीटर, बहुतेक ३००, धरतात, ड्रायव्हरभत्ता वेगळा, टोल-पार्किंग तुमच्याकडं, हे सगळं निघायच्या आधी मेसेजमध्ये लिहून घ्या. मित्राच्या ओळखीतनं पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं घेणारे लोक आहेत, स्वस्त पडतंय म्हणून, ते करू नका, काही झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करतात.

तारीख : आपल्या सुट्ट्यांचा फायदा घ्या

ही गोष्ट सीमाभागातल्या लोकांनाच मिळालेली आहे आणि फार कमी जण तिचा उपयोग करून घेतात. कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याची, महाराष्ट्रातल्या शाळांना दिवाळीची. म्हणजे दसऱ्याच्या सुट्टीत बेंगळूरचं वंडरला गच्च भरलेलं असतंय आणि त्याच दिवसांत, दसऱ्याचा दिवस आणि शनिवार-रविवार सोडला तर, इमॅजिकाला त्या मानानं मोकळं, कारण पुण्या-मुंबईच्या पोरांची शाळा चालू असते. मग दसऱ्याला इमॅजिका आणि वंडरलाला दुसऱ्या कुठल्या तरी वेळी जा, एखादा जोडून आलेला शुक्रवार-सोमवार बघून. उन्हाळ्यात मात्र एप्रिल-मे दोन्हीकडं गर्दी, तिथं पर्याय एकच, मंगळवार-बुधवार धरा.

डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं तेव्हा विमानाची तिकिटं चढलेली असतात आणि हलगा-बस्तवाडच्या बाजूला हायवेवर आंदोलनं, बंदोबस्त, अडवाअडवी. त्या दोन आठवड्यांत बेंगळूरच्या दिशेनं निघायचं तर पहाटेच निघा. आणि सीमेवर वातावरण तापलं की पहिल्यांदा दोन्ही राज्यांच्या बस बंद होतात हा आपला जुना अनुभव, म्हणून इमॅजिकाला बसनं पुण्यापर्यंत जाऊ म्हणणाऱ्यांनी हातात दुसरा पर्याय ठेवावा. आणि बायकांचा शक्ती योजनेचा मोफत प्रवास कर्नाटकातल्या साध्या बसला आहे, आंतरराज्य बसला नाही.

गाडीनं जायचं ठरलं तर

निघायच्या आठवडाभर आधी गाडी मेकॅनिककडं दाखवा. टायर, ब्रेक, कूलंट, स्टेपनीतली हवा. स्टेपनीतली हवा कोणीच बघत नाही. पीयूसी आणि इन्शुरन्सची तारीख बघून घ्या. मागं बसणाऱ्यांनाही बेल्ट सक्तीचा आहे आणि १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर १,००० रुपये दंड आहे, पण दंडाचं सोडा, हायवेला १०० च्या स्पीडला मांडीवर बसलेलं पोर ब्रेक मारला की कुठं जाऊन आदळेल याचा विचार करा. चार वर्षांच्या आतलं मूल असेल तर चाइल्ड सीट घ्याच, उसनी आणा पाहिजे तर, पण या एका गोष्टीत तडजोड नको.

पहाटे पाचला निघायचं. मुलांना झोपेतच उचलून गाडीत ठेवलं की हावेरीपर्यंत ती झोपतात, पहिले दीड-दोनशे किलोमीटर असे निघून जातात की कळत नाही. रात्रीचा प्रवास मात्र करू नका, "रात्री रस्ता मोकळा असतोय" असं सांगणारे भेटतील, ऐकू नका. विशेषतः दिवाळीनंतर मार्चपर्यंत, गळीत हंगामात, संकेश्वर-निपाणी-कागल पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या असतात, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, आणि अंधारात त्या दिसतात तेव्हा ब्रेक मारायला जागा उरलेली नसते. इमॅजिकाला जाणाऱ्यांनी हे मनावर घ्या, वंटमुरी घाट ते कागल हा तुकडा उजेडातच पार करा.

बेंगळूरच्या रस्त्याचं सांगतो. हिरेबागेवाडीचा टोल, मग धारवाड. हुबळी-धारवाड बायपास बरीच वर्षं दोन पदरीच होता, समोरासमोर वाहनं, मोठे अपघात झालेत तिथं, रुंदीकरणाचं काम काढलंय म्हणून रस्ता वळवलेला असू शकतो, ओव्हरटेकचा मोह टाळा, ३० किमीच आहेत. पुढं रस्ता मस्त. शिग्गावच्या आधी गोटगोडीला उत्सव रॉक गार्डन आहे, अगदी हायवेला लागून, गावाकडचं जुनं जीवन सिमेंटच्या मूर्तींतनं उभं केलंय, मुलांना आवडतं, पण पहाटे निघालात तर तेव्हा ते उघडलेलं नसेल, येताना ठेवा.

दावणगिरी २४५ किमी, बरोबर निम्म्यात. नाश्त्याला तिथंच थांबा, बेण्णे डोसा, म्हणजे लोण्यातला डोसा, खायला मिळतो आणि ड्रायव्हर बदलायलाही ही जागा चांगली. दोन जणांना गाडी चालवता येत असेल तर दावणगिरीला बदला, एकच ड्रायव्हर असेल तर दर दोन तासांनी पंधरा मिनिटं गाडी थांबलीच पाहिजे, झोप येत नसली तरी. चित्रदुर्ग आलं की टेकड्यांवर पवनचक्क्या दिसायला लागतात, कंटाळलेली पोरं तिथं परत जागी होतात. किल्ला बघायचा असेल तर तीन तास लागतात, तो वेगळ्या सहलीला ठेवा.

मग हिरियूर, शिरा, तुमकूर. तुमकूरनंतर नेलमंगलच्या पुढं सरळ शहरात शिरू नका, तिथनं नाईस रोड धरा, तो तुम्हाला शहराच्या बाहेरनं मैसूर रोडला आणून सोडतो, टोल जातो पण यशवंतपूर-गोरगुंटेपाळ्यात जाणारा तास-दीड तास वाचतो. मैसूर रोडला लागल्यावर एक सावधगिरी, बेंगळूर-मैसूर एक्सप्रेसवेच्या मुख्य लेनवर चढलात तर हवं तिथं उतरता येत नाही, बिडदीच्या पुढं निघून जाऊ शकता, म्हणून सर्व्हिस रोडला राहा आणि वंडरलाचे बोर्ड बघत जा. मुक्काम शहरात घेऊ नका. वंडरलाचंच रिसॉर्ट पार्कला लागून आहे, बजेटमध्ये बसत नसेल तर बिडदी, रामनगर किंवा केंगेरी. दुसऱ्या दिवशी सकाळी बिडदीची तट्टे इडली खा, ताटलीएवढी एकेक इडली आणि वर लोण्याचा गोळा, पार्कमध्ये जायच्या आधी पोट भरलेलं पाहिजे कारण आत बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत.

इमॅजिकाचा रस्ता थोडक्यात : निपाणी, कोगनोळी, कोल्हापूर, कराड, सातारा, पुणे, एक्सप्रेसवे, घाट उतरून खालापूरजवळ बाहेर. कागल ते सातारा रुंदीकरणाचं काम रेंगाळलेलं आहे म्हणून अंतर कमी असलं तरी वेळ वाचत नाही, आठ तास धराच. पुण्यात कात्रज-नवले पुलाच्या उतारावर गिअरमध्ये गाडी उतरवा, न्यूट्रलला टाकून नाही. पुण्यात पाहुणे असतील, असतातच, तर जाताना तिथं मुक्काम टाका, सकाळी दोन तासांत पार्क.

पोराला गाडी लागत असेल तर मागच्या सीटवर मोबाईल देऊ नका, खिडकीतनं लांबचं बघायला लावा, निघताना दूध पाजू नका, दशमी-चटणी किंवा कोरडा पाव एवढंच द्या, आलेपाक खिशात ठेवा. औषध द्यायचं तर डॉक्टरला विचारून.

विमानानं जायचं ठरलं तर

सांबऱ्याहून कुठल्या शहराला विमान आहे आणि आठवड्यातनं किती दिवस आहे हे दर सीझनला बदलतं, गेल्या वर्षी शेजारचे गेले होते म्हणून यंदाही असेल असं धरू नका. आधी विमान बघा, मग हॉटेल, मग पार्कचं तिकीट, उलट्या क्रमानं बुकिंग केलं की अडकायला होतं. खानापूरकरांनी गोव्याचे दोन्ही एअरपोर्ट, दाबोळी आणि मोपा, बघून ठेवावेत आणि निपाणी-चिकोडीवाल्यांनी कोल्हापूर, पण पावसाळ्यात चोर्ला-आंबोली घाटाला वेळ लागतो तो हिशोबात धरा.

तिकिटावरचं नाव आधारवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. आपल्याकडं आधार कन्नड आणि इंग्रजीत, शाळेचा दाखला मराठीत, त्यातनं एकाच आडनावाची तीन स्पेलिंगं झालेली असतात, म्हणून तिकीट काढताना आधार समोर ठेवूनच टाइप करा. मांडीवरच्या बाळाचा जन्मदाखला सोबत पाहिजे. सगळ्यांची तिकिटं एकाच पीएनआरवर काढा, बारा वर्षांखालच्या मुलाला आई किंवा वडलांच्या शेजारची सीट द्यायची असा डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याचा, नियम आहे, पण वेगवेगळी बुकिंगं असली की तो लावून घेताना त्रास होतो.

सामान माणशी १५ किलो खाली आणि ७ किलो हातात, एवढंच धरून चला. छोटी पंख्याची विमानं असतात, वरचे कप्पे लहान, मोठी ट्रॉली बॅग हातात नेऊ नका. चटणी, तिखट, लोणचं, तूप हातातल्या बॅगेत नको, सिक्युरिटीला काढून ठेवायला लावतात, खालच्या बॅगेत घाला. पॉवर बँक उलटं, ती हातातच, खालच्या बॅगेत चालत नाही. पाहुण्यांना कुंदा नेणार असाल तर पक्का डबा घ्या. विमान उतरताना मुलांच्या कानात दडे बसतात, तेव्हा गोळी चघळायला द्या, तान्ह्याला अंगावर पाजा.

पावसाळ्यात ढग खाली आले की विमान उशिरा येणं, दुसरीकडं वळणं चालतं, म्हणून जुलै-ऑगस्टात विमानाच्या दिवशीच पार्कचं तिकीट काढू नका. आणि कुठल्याही महिन्यात, पार्क संपवून त्याच रात्रीचं परतीचं विमान धरू नका.

बेंगळूर एअरपोर्टवरनं टॅक्सी नको असेल तर बीएमटीसीची वायुवज्र बस मॅजेस्टिकपर्यंत, म्हणजे शहरातल्या मुख्य बसस्टँड आणि रेल्वे स्टेशनपर्यंत, तिथनं मेट्रोची जांभळी लाइन शेवटच्या चल्लघट्टा स्टेशनपर्यंत, तिथनं बिडदी जवळ. स्वस्त आहे, पण चार बॅगा आणि दोन झोपलेली पोरं घेऊन मी कुणाला सुचवणार नाही.

रेल्वे विसरू नका

राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्री निघते आणि सकाळी बेंगळूर, पोरं झोपून येतात, पैसेही कमी. २०२५ च्या ऑगस्टपासनं बेळगाव-बेंगळूर वंदे भारत सुरू झालीय, पहाटे निघून दुपारी पोचवते, म्हणजे स्वतःच्या कारपेक्षा लवकर आणि चालवायचे कष्ट नाहीत. ज्यांना लांब गाडी चालवायची सवय नाही त्यांनी विमानाच्या आधी हिचा विचार करावा. मॅजेस्टिकला उतरलात की मेट्रो समोरच. रात्रीच्या गाडीनं गेलात तर अंघोळीला आणि सामान ठेवायला खोली आधीच बघून ठेवा, तसंच थेट पार्कला गेलात तर दुपारपर्यंत लहान मुलं गळून जातात.

पार्कच्या दिवशी

तिकीट ऑनलाइन आधी काढा, स्वस्त पडतं. वंडरलात मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर आहे, ८५ सेंमीखाली फुकट, ८५ ते १४० मुलांचं, त्याच्या वर मोठ्याचं. म्हणून निघायच्या आधी घरीच भिंतीला उभं करून उंची मोजा, आणि मुलाला खरं काय ते सांगून ठेवा, कारण मोठ्या थरारक राइडना बहुतेक १४० सेंमी लागतात आणि ५०० किमी येऊन "तू नको" ऐकल्यावर पोर तिथंच रडायला लागतं. पाण्याच्या राइडला सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात, घरनंच घेऊन जा, तिथं विकत महाग. पाण्याच्या राइड दुपारी चालू होतात, तोपर्यंत सकाळी कोरड्या मोठ्या राइड उरका, तेव्हा रांगा लहान असतात. आजी-आजोबांना राइड करायच्या नसल्या तरी तिकीट लागतंच, ज्येष्ठांना सूट आहे, आधार बरोबर ठेवा. बीपी, हार्ट, पाठदुखी, गरोदरपण असेल त्यांनी राइडला बसूच नये.

पाचनंतर मुलांना बाहेर काढा, कपडे बदला, जेवण करा आणि झोपा. दिवसभर पाण्यात आणि उन्हात काढलेला माणूस रात्री हायवेला गाडी चालवायच्या लायकीचा उरत नाही, त्याला स्वतःला कितीही फ्रेश वाटलं तरी. एक रात्रीचं हॉटेल वाचवायला लोक हे करतात आणि मला ते बिलकूल पटत नाही. परतायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, ओले कपडे वेगळ्या पिशवीत डिकीत, येताना गोटगोडीचं रॉक गार्डन, धारवाडात पेढे, आणि उजेड असतानाच हुबळी-धारवाड बायपास पार. त्याच्या पुढचा दिवस शाळेचा नको, रजा टाकतानाच एक दिवस जास्तीचा टाका.